बिल्ला नसलेलं पाऊल

आमच्या धरणाच्या पोटात या क्षणी किती माणसं आहेत, हे सांगायला संगणक लागत नाही. गॅलरीच्या दाराशी एक सागवानी फळी आहे. तिच्यावर अकरा खिळे आणि अकरा पितळी बिल्ले. आत जाणाऱ्याने आपला बिल्ला काढून खिशात घालायचा आणि बाहेर आल्यावर पुन्हा खिळ्याला लावायचा. एक जरी खिळा रिकामा दिसला तरी दाराला कुलूप लागत नाही. ही पद्धत धरण बांधलं तेव्हापासूनची आहे, आणि चौतीस वर्षांच्या नोकरीत हिच्याइतकं बिनचूक यंत्र मी पाहिलेलं नाही. मी यंत्रांचीच इंजिनिअर असल्यामुळे हे कबूल करणं मला जरा जड जातं.

मी सुचेता गद्रे, वाळकी धरणाच्या उपकरण विभागाची प्रमुख. प्रमुख म्हणजे काय, विभागात मी एकटीच. गॅलरी म्हणजे धरणाच्या भिंतीच्या आतून, या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत जाणारी अरुंद वाट. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागतं. भिंतीतून थोडं पाणी पाझरतं, ते प्रत्येकच धरणातून पाझरतं. ते पाणी नालीतून वाहतं आणि ठिकठिकाणी पत्र्याच्या पट्टीला कापलेल्या खाचेतून पडतं. खाचेतल्या पाण्याची उंची मोजली की पाझर किती ते कळतं. हे मोजायला आमची दहा माणसं रोज आत जातात. अकरावा बिल्ला माझा. मध्यंतरी सरकारने टेंडर काढून एक चार पायांचा यंत्रमानव घेतला होता. तिसऱ्याच दिवशी तो ओल्या पायरीवरून घसरून नालीत पडला. आता तो भांडारात पोत्याखाली आहे, आणि आमचे लोखंडे मुकादम येणाऱ्या प्रत्येक नव्या साहेबाला पोतं उचलून त्याचं दर्शन घडवतात.

सात वर्षांपूर्वी मी गॅलरीला कान बसवले. केसाएवढी काचेची तार, इंटरनेटच्या केबलमध्ये असते तीच, आठशे मीटरभर भिंतीच्या पायथ्याशी चिकटवली. तिच्या एका टोकातून सेकंदाला हजारो वेळा लेसरचा प्रकाश सोडायचा. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात बारीकशी खोट असतेच, आणि त्या खोटीवर आपटून थोडा प्रकाश मागे फिरतो. तारेजवळ काही हललं की ती नखाच्या जाडीच्या लाखाव्या हिश्श्याएवढी ताणली जाते. परत येणारा प्रकाश तेवढाच बदलतो आणि त्याला यायला किती वेळ लागला यावरून जागाही कळते. थोडक्यात, आठशे मीटर तार म्हणजे ओळीने बसलेले आठशे कान. काँक्रीटच्या आत पाणी नवी वाट शोधू लागलं, तर डोळ्यांना दिसण्याच्या कितीतरी आधी या तारेला त्याची कुजबुज ऐकू येते.

अडचण एवढीच होती की गॅलरीत माणसं चालतात, आणि माणसाचं पाऊल पाण्याच्या कुजबुजीपेक्षा हजार पटींनी मोठं असतं. मिक्सर चालू आहे, टीव्ही चालू आहे, पोरं भांडताहेत, तरीही दूध वर यायला लागलं की घरातल्या बाईला बरोबर ऐकू येतं. कारण बाकीचे आवाज तिच्या सवयीचे असतात. यंत्रालाही तशी सवय लावावी लागते. टाच किती जोरात टेकते, चवडा किती उशिराने, दोन पावलांत किती वेळ जातो, हे सगळं माणसागणिक वेगळं असतं, सहीसारखं. प्रत्येकाची चाल शिकवली की यंत्र तेवढा आवाज वजा करतं आणि उरलेलं ऐकतं. म्हणून मी सगळ्यांना ओळीत उभं केलं आणि एकेकाला शंभर मीटर चालायला लावलं. लोखंड्यांनी याचं नाव चालहजेरी ठेवलं. बाकीचे बघत होते, शिट्ट्या मारत होते, आणि जो तो छाती काढून चालत होता. माझी चूक झाली ती इथेच. माणूस चारचौघांत कसा चालतो तेवढंच मी यंत्राला शिकवलं, आणि ही चूक कळायला मला सहा वर्षं लागली.

जुनं यंत्र अनोळखी आवाज गोंगाट समजून सोडून द्यायचं. गेल्या वर्षी नवं सॉफ्टवेअर आलं, त्याला काहीच सोडून द्यायला शिकवलं नव्हतं. त्याने सहा वर्षांचा साठा चाळला आणि एका सोमवारी सकाळी, मला न विचारता, जिल्ह्याच्या सुरक्षा कक्षाला परस्पर कळवून टाकलं की गॅलरीत बारा माणसं वावरतात आणि नोंद अकरांचीच आहे.

दुपारपर्यंत सुरक्षा अधिकारी देवकुळे गाडी घेऊन हजर झाले. त्यांच्याबरोबर दोन कुत्रीही होती. देवकुळे वाईट माणूस नव्हे, पण फॉर्ममध्ये रिकामा रकाना दिसला की त्यांना जेवण जात नाही. गॅलरीच्या पलीकडच्या टोकाचं दार वेल्डिंग करून बंद केलेलं आहे हे त्यांनी हात लावून पाहिलं. कुत्र्यांना गॅलरीचं पाणी आवडलं, बाकी काही सापडलं नाही. संध्याकाळपर्यंत वसाहतीत बातमी पसरली, आणि धरण बांधताना गेलेला एक गवंडी अजून आत फिरतो, इथपर्यंत मजल गेली. देवकुळ्यांनी मला विचारलं की हा बारावा पुरुष आहे की बाई. मी म्हटलं, यंत्राला ते कळत नाही, त्याला फक्त एक चाल दुसरीपेक्षा वेगळी आहे एवढंच कळतं, आणि त्यापलीकडचं मी त्याला शिकवणारही नाही. त्यांनी रकाना रिकामा सोडला आणि मला शुक्रवारपर्यंत मुदत दिली. शुक्रवारी बारावा माणूस नावानिशी सापडला नाही, तर गॅलरी बाहेरच्या सुरक्षा कंपनीच्या ताब्यात जाणार होती आणि दहाच्या दहा माणसांची चौकशी होणार होती.

मी बारा नंबरच्या सगळ्या नोंदी काढून टेबलावर पसरल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते अगदी खरं. बारावा फक्त दुपारी अडीच ते तीनच्या दरम्यान, खालच्या गॅलरीत उमटत होता. तो दाराने आत येतच नव्हता. दीडशे मीटरवर वाट वळते आणि खालची गॅलरी सुरू होते, त्या वळणावर तो एकाएकी सुरू व्हायचा आणि परतताना तिथेच संपायचा. आणि रोज, नेमका त्याच वळणावर, सात नंबर नाहीसा व्हायचा. अर्ध्या तासाने बारावा संपला की सात पुन्हा तिथूनच सुरू होऊन बाहेर यायचा. बारावा प्रत्येक खाचेपाशी थांबत होता, आणि त्या वेळा वहीतल्या सात नंबरच्या नोंदींशी मिनिटाला जुळत होत्या.

माझा आनंद दोन मिनिटं टिकला. मग मला शरम वाटली. कुणीतरी आतून कडी लावलेल्या खोलीत मी डोकावले होते.

सात नंबर म्हणजे शेलार. वय एकतीस, आयटीआय झालेला, गॅलरीतला सगळ्यात चांगला मोजणारा. त्याच्या वहीत कधी खाडाखोड नसायची. बोलणं कमी, चालणं मात्र दणदणीत. लांबून बुटांचा आवाज आला की शेलार आला हे कळायचं. सात नंबरचा बिल्ला त्याच्या आधी त्याच्या वडिलांचा, ज्ञानूतात्यांचा होता. तात्यांनी तीस वर्षं गॅलरी केली. आता काचबिंदूने त्यांची नजर गेली होती आणि बापलेक वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये राहत होते. आई शेलार लहान असतानाच वारली होती.

मी शेलारला ऑफिसात बोलावलं, दार लावून घेतलं आणि चहा पुढे ठेवला. कागद दाखवले नाहीत, नुसतं सांगितलं की बारावा कोण ते मला कळलंय आणि मी कुणाला सांगितलेलं नाही. शेलारने कपाला हात लावला नाही. चहावर साय धरली.

"मॅडम, मी बाई आहे," अखेर शब्द आले. "लहानपणापासून. कुणाला म्हटलं नाही कधी. आत वळण ओलांडलं की कुणी नसतं, तेवढं मी माझी चालते."

मी पुष्कळ यंत्रं उघडून पाहिली आहेत, पण समोरचं माणूस इतकं उघडं होऊन बोलतं तेव्हा काय म्हणायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. मी म्हटलं, चहा गरम करून आणते. परत येईपर्यंत दोघींनाही जरा सावरता आलं.

मग आम्ही सगळं बोललो. खालच्या गॅलरीत ती गमबूट काढून वळणाशी ठेवायची आणि अनवाणी चालायची. तो अर्धा तास सोडला तर दिवसभर तिला आपल्या पायांवर पहारा ठेवावा लागायचा. घरीसुद्धा, तात्या जागे असले की, कारण त्यांना दिसत नसलं तरी ऐकू सगळं येत होतं. नोकरीची भीती नव्हती, कायदा नोकरीला हात लावू देणार नव्हता. पण कायदा वसाहतीच्या नळावर पाणी भरायला येत नाही, आणि बापाच्या शेजारी जेवायलाही बसत नाही. तिची भीती तात्यांची होती. त्यांच्याशिवाय तिला कुणी नव्हतं.

मी तिला सुटकेची वाट दाखवली. बारा नंबर म्हणजे माणूस नव्हेच, तारेतला दोष आहे, असा अहवाल मी लिहिते. माझ्या सहीवर कुणी शंका घेणार नाही. मला वाटलं तिचा जीव भांड्यात पडेल. तिने विचारलं, दोष लिहिलात तर यंत्र पुढे काय करणार? मी खरं सांगितलं. दोष म्हणून नोंदवलेला आवाज ते कायमचा गाळून टाकणार, आणि त्याबरोबर त्या पट्ट्यातला पाण्याचाही थोडा आवाज जाणार. खालची गॅलरी जराशी बहिरी होणार. जराशीच, असं मी दोनदा म्हटलं.

"मग नको," ती म्हणाली.

मी चिडले. म्हटलं, मी तुझ्यासाठी नोकरी पणाला लावतेय आणि तू धरणाची काळजी काय करतेस. तिने मला तात्यांची गोष्ट सांगितली. एका वर्षी पाझर अचानक वाढला होता आणि साहेबांनी तात्यांना वहीत आकडा कमी लिहायला सांगितला. तात्यांनी पेन वहीवर ठेवलं आणि म्हणाले, जेवढं दिसतं तेवढंच मी लिहिणार, कमी लिहायचं तर तुमच्या अक्षरात लिहा. साहेबांनी लिहिलं नाही. तिला कामावर लावताना तात्यांनी एवढी एकच गोष्ट शिकवली होती.

"रोज दुपारी मी खाचेत बघून खरं लिहिते. अन् वळणावर आले की बूट घालून खोटं चालायला लागते," ती म्हणाली. "आता तुम्ही म्हणता धरणालाच खोटं सांगू. बाराव्याला दोष म्हणायचं म्हणजे मॅडम, मलाच दोष म्हणायचं ना? अन् उद्यापासून आतपण बूट आपटत चालायचं. मग मी चालू कुठं?"

मी अहवालाचा कोरा कागद परत खणात ठेवला. तिच्या जागी मी असते तर मी सही करून मोकळी झाले असते, हे मी इथे प्रामाणिकपणे लिहून ठेवते.

नियम असा होता की बाराव्याची नोंद करायची तर चालहजेरी घ्यावी लागणार, आणि तीही सुरक्षा अधिकारी आणि सगळ्या कामगारांसमोर. एकाच्या नावावर दुसऱ्याने चालू नये म्हणून तो नियम मीच सहा वर्षांपूर्वी लिहिला होता. शेलार म्हणाली, चालते मी. फक्त शुक्रवारच्या आधी तात्यांना घरी सांगते, त्यांना बाहेरून कळायला नको. मंगळवारी विचारलं तर म्हणाली, आज सांगते. बुधवारीही तेच. गुरुवारी मी विचारलंच नाही, तिचा चेहराच सांगत होता.

शुक्रवारी सकाळी दहाला आम्ही दाराशी जमलो. देवकुळे फॉर्म घेऊन, मी संगणक घेऊन आणि आमची माणसं हाताची घडी घालून. त्यांना एवढंच माहीत होतं की बारावा कोण ते आज कळणार. तेवढ्यात लोखंडे मुकादम ज्ञानूतात्यांचा हात धरून त्यांना घेऊन आले.

लोखंड्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. गॅलरीत पूर्वी वीज वरचेवर जायची, आणि अंधारात समोरून कोण येतंय ते जुनी माणसं पावलावरून ओळखायची. भिंतीला पाठ कुणी लावायची हे त्यावरच ठरायचं. या कामात तात्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. यंत्र काय ओळखायचं ते ओळखू दे, म्हणून मुकादमांनी आपलं जुनं यंत्र खुर्चीसकट आणून बसवलं होतं. वसाहतीत कुणालाही तात्यांना बोलवायचंच सुचलं असतं, आणि त्या दिवशी तेच एक माणूस तिथे असायला नको होतं.

शेलारने बापाला पाहिलं आणि तिच्या तोंडावरचा रंग उडाला. मी तिच्याजवळ जाऊन हळूच विचारलं, थांबवू का. तिने मान हलवली. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली की बारावी चाल तिचीच आहे, आणि ती आता चालून दाखवणार आहे. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. तात्यांनी मान जराशी कलती केली, एवढंच.

ती चालली. फळीपासून आत, शंभर मीटर. बूट काढलेले होते, पण पाठीवर बावीस डोळे होते, आणि लहानपणापासूनची सवय दोरीने बांधल्यासारखी तिला ओढत होती. टाच दणदण पडत गेली. माझ्या पडद्यावर आकडा उमटला, सात.

मी म्हटलं, पुन्हा एकदा घेऊ. ती परत आली, डोळे मिटून क्षणभर उभी राहिली आणि पुन्हा चालली. यंत्र पुन्हा सातच म्हणालं. तिचा सदरा घामाने भिजला होता. देवकुळे मला बाजूला घेऊन म्हणाले, मॅडम, हा मुलगा कुणाला तरी पाठीशी घालतोय, बारावा दुसराच कुणीतरी आहे. त्यांनी फॉर्मवर पेन टेकवलं. तिने आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत खरं सांगितलं होतं आणि माझं यंत्र तिला खोटं पाडत होतं. ते उचलून भांडारात पोत्याखाली टाकावं असं मला वाटलं, यंत्रमानवाच्या शेजारी.

"थांबा वाईच," तात्या म्हणाले.

ते काठी टेकत उठले. लोखंडे आधार द्यायला पुढे झाले, तर तात्यांनी त्यांचा हात बाजूला केला. जन्म गेलेल्या वाटेवर त्यांना डोळे लागत नव्हते. ते पाचसात पावलं आत गेले आणि भिंतीला हात लावून थांबले. समोर वीस फुटांवर, परत येता येता थांबलेलं त्यांचं लेकरू उभं होतं.

"बाळ, ह्यो पाय तुझा न्हवं," ते म्हणाले. "ह्यो मी शिकिवल्याला पाय. बारका हुतास तवा अंगणात तुझ्या मागनं चालायचो अन् म्हणायचो, टाच आपट, गड्यागत चाल. न्हाई आपटली तर काठी मारायचो. माझं चुकलं."

नालीतलं पाणी तेवढं वाजत होतं.

"डोळं गेल्यापासनं ऐतवारी दुपारी मी पडून असतो. तुला वाटतं म्हातारं झोपलं. मग घरात हलकं पाऊल फिरतं. पैल्यांदा मला वाटलं तुझी आईच आली. उठून बसणार हुतो. मग वळाखलं." त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "चार वर्सं ऐकतोय. बोललो न्हाई, कारण बोललो असतो तर त्ये पाऊल बंद पडलं असतं. मला त्ये बंद पडायला नको हुतं."

शेलार रडत होती. मीही रडत होते, सरकारी वेळेत, सगळ्या स्टाफसमोर, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

"आता उचल टाच," तात्या म्हणाले. "मीच बसवली हुती, मीच सांगतो. उचल अन् चाल."

तिने डोळे पुसले, ती शंभर मीटरच्या खुणेपर्यंत मागे गेली आणि तिथून चालली. या वेळी डोळे उघडे ठेवून, आमच्याकडे तोंड करून, आतून दाराकडे. ती चाल काही फार वेगळी दिसत नव्हती, हे मला सांगितलं पाहिजे. नाचरी नव्हती, मुरडत तर मुळीच नव्हती. नालीकडेच्या ओल्या वाटेवरून सावकाश, चवडा आधी टेकत, पाणी हिंदकळू न देता कुणीतरी घागर घेऊन यावं तसं एक माणूस चालत आलं. तात्यांनी भिंतीला पाठ लावून तिला वाट दिली. माझ्या पडद्यावर बारा आलं आणि शंभर मीटर संपेपर्यंत ते हललं नाही.

मी पडदा देवकुळ्यांकडे फिरवला. त्यांनी पाहिलं, फॉर्म सरळ केला आणि मोकळा रकाना शोधला. "नाव?" त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज मऊ झाला होता, ते मी त्यांच्या नावावर कायमचं जमा करून ठेवलं आहे.

"केतकी," ती म्हणाली. "केतकी ज्ञानू शेलार."

हे नाव तिने त्याआधी फक्त खालच्या गॅलरीत, स्वतःशीच उच्चारलं होतं, असं तिने मला नंतर सांगितलं.

पुढे काय होतं म्हणून सगळे लोखंडे मुकादमांकडे बघत होते. पस्तीस वर्षं गॅलरी केलेला, मिशांना पीळ देणारा माणूस. त्यांनी फळीवरच्या खिळ्यांवरून एकेक करून बोट फिरवलं.

"सहा वर्सं," शेवटी ते बोलले. "सहा वर्सं माणूस आत जातंय अन् फळीवर त्याचा खिळा न्हाई. काय इपरीत झालं असतं तर आम्ही कुलूप लावून घरी गेलो असतो. ह्ये चालायचं न्हाई." आणि ते हातोडी आणायला भांडाराकडे निघून गेले.

दुपारी त्यांनी पितळेच्या पत्र्यातून स्वतः बिल्ला कापला, कडा घासल्या, ठशाने बाराचा आकडा ठोकला आणि फळीवरचा सातचा खिळा उपटून तोच बाराव्या जागी ठोकला. केतकीने सात नंबरचा बिल्ला तात्यांच्या हातात दिला. मला वाटलं त्यांना वाईट वाटेल. त्यांनी आकड्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, बरं झालं, माझा मला मिळाला.

सगळं गोड झालं असं सांगितलं तर ते कमी लिहिल्यासारखं होईल. एका सोबत्याने दोन महिने तिच्याबरोबर पाळी घेतली नाही. वसाहतीच्या नळावर काही बायका तिला पाहून गप्प व्हायच्या, आणि त्या गप्पपणाला पुष्कळ तोंडं होती. ती रोज तिथेच पाणी भरायला जायची. डॉक्टर, कागदपत्रं, जिल्ह्याच्या खेपा हे सगळं तिने एकटीने, रजा मोजून केलं. मी एकदा बरोबर येते म्हटलं तर म्हणाली, मॅडम, चालायचं मला जमतं आता.

विज्ञानकथा वाचणाऱ्यांना आता वाटत असेल की पुढे एका दुपारी यंत्राला भिंतीतली गळती ऐकू आली, केतकीने धरण वाचवलं आणि चौदा गावांनी तिची मिरवणूक काढली. तसं काही झालं नाही. आमचं धरण ठणठणीत आहे. तिला कुणाचेही प्राण वाचवावे लागले नाहीत, आणि माणसाला आपल्या चालीने चालू द्यायला तशी अट असूही नये. यंत्राचं म्हणाल तर खालच्या गॅलरीत ते आता पूर्वीपेक्षा स्वच्छ ऐकतं. बाकीच्या नऊ जणांची चालहजेरी मी नव्याने घेतली, एकेकाला एकटं आत पाठवून. लोखंडे एकटे असताना हळूच लंगडतात हे त्यात कळलं. डॉक्टरकडे जा म्हटलं तर त्यांनी यंत्राला शिव्या दिल्या, पण गेले.

परवा एक गोष्ट घडली. सॉफ्टवेअरचा नियम असा आहे की एखादी चाल वर्षभर ऐकू आली नाही तर ते विचारतं. सकाळी पडद्यावर प्रश्न आला होता: क्रमांक सात बंद आहे, नोंद कायमची पुसून टाकायची का? माझं बोट 'होय'वर गेलंच होतं. मला वाटलं, तिला त्रास देणारी ती दणदणीत टाच एकदाची गेलेली बरी. पण मग मी थांबले. ती नोंद माझी नव्हती.

केतकी फळीपाशी आली तेव्हा मी तिला खिडकीतून हाक मारली आणि विचारलं. तिने बारा नंबरचा बिल्ला काढून हातात घेतला होता. प्रश्न तिने दोनदा वाचला.

"राहू द्या मॅडम," ती म्हणाली. "एवढी वर्षं त्यानंच मला इथवर चालवत आणलं. दमला असेल."

मी 'नाही' दाबलं. तिने बिल्ला खिशात टाकला, बूट दाराशी काढले आणि ती आत गेली.